रुमालातली फुले

डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितले, त्याला आता तीन महिने झाले. पहिले दोन महिने पावसाच्या नावावर गेले. पाऊस हा आळशी माणसाचा मोठाच आधार असतो! पण आश्विन लागला, आभाळ निवळले आणि एका पहाटे सौभाग्यवतींनी पांघरूणच ओढून घेतले. निरुपाय होऊन मी आमच्या दिघीतल्या बागेत जाऊन पोचलो.

फाटकाशीच सातविणीच्या उग्र वासाने माझे स्वागत केले. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात या फुलांना हत्तीच्या मदाचा वास येतो असे म्हटले आहे आणि त्या वासाने रघूच्या हत्तींनाही मद फुटला असे वर्णन केले आहे. हे मी एकदा वर्गात रंगवून सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, आम्हाला तर शिंका येतात!" त्या गृहस्थाचे म्हणणे मला आज पटले.

शिंकतच मी डावीकडे वळलो आणि थबकलो. कुंपणाशी पारिजातकाचा सडा पडला होता.

आमच्या अंगणातही पारिजातक होता. १९८८ साली अण्णांनी इथे दोन खोल्या बांधल्या, तेव्हा मी तिसरीत होतो. दिघी महानगरपालिकेत गेली ती १९९७ साली. त्यापूर्वीचे हे खेडेगाव, आणि पाणी बेताचे. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सायकलने येत आणि पायांतले बूट काढण्याआधी रोपाला बादलीभर पाणी घालीत. चहा त्यानंतर. पुढे झाड वाढले. कार्तिकीला आळंदीकडे निघालेल्या दिंड्यांतल्या बायकांना अण्णा ओंजळ ओंजळ फुले देत. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही. पारिजातकाला मात्र शास्त्राने तेवढी सवलत दिली आहे.

२०११ साली मी कर्ज काढून मोटार घेतली. अण्णा ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

"अण्णा, गाडीसाठी झाड काढावं लागेल."

"मोजून बघितलंस ना?" वर्तमानपत्र खाली न घेताच त्यांनी विचारले.

"हो."

"मग काढ."

खरे सांगायचे तर, मी मोजले नव्हते. झाड गेल्यावर मोजले. घराच्या दुसऱ्या अंगाला गाडी सुखाने मावली असती.

त्यानंतर अण्णा पहाटे फिरायला जाऊ लागले. येताना रुमालात फुले असत. ती देवघरात जात. कुठून आणली हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. २०१७ साली अण्णा गेले.

सत्यभामेच्या अंगणात पारिजातक आणि फुले मात्र रुक्मिणीच्या दारात, ही कथा मी दर वर्षी सवतीमत्सराचा मासला म्हणून शिकवतो. पण झाडच तोडून टाकावे, हे त्या सत्यभामेलासुद्धा सुचले नव्हते!

मी खाली वाकून फुले वेचू लागलो. माळ्याने खराटा थांबवला.

"घ्या, घ्या. फांदी तेवढी हलवू नका. इथं एक म्हातारबाबा यायचे, ते कुणाला झाडाला हात लावू देत नसत."

बागेत म्हातारे पुष्कळ येतात. ते दिसायला कसे होते, हे विचारायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी रुमालाला गाठ मारली आणि निघालो.

घरी आल्यावर रुमाल आईच्या हातात दिला. तिने तो उघडून फुले नाकाशी धरली.

"कुंपणाकडच्या झाडाची ना रे?"

"तुला कसं ठाऊक?"

"यांचा गुडघा दुखायला लागल्यावर मीच जात होते की बरोबर," ती म्हणाली. मग फुले तबकात ओतता ओतता म्हणाली, "तू उठायच्या आत परत यायचो आम्ही."