पहिले तीनशे मीटर

सुरतेत ट्रायथलॉनकडे वळणारा तरुण बहुधा सायकलवरून किंवा धावण्यातून येतो. दम असतो, जिद्द असते; पोहणे तेवढे ‘नंतर बघू’ म्हणून मागे राहते. आयर्नमॅन पुरी करण्यापुरते ते चालूनही जाते. बहुतेक शर्यतींत ३.८ किलोमीटर पोहायला २ तास २० मिनिटे मिळतात आणि नेमाने सराव करणारा प्रौढ माणूस त्यात बसतो. व्यावसायिक शर्यतीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तो आपण प्रशिक्षक मंडळी शिष्यांना पुरेसा स्पष्ट सांगत नाही.

ऑलिंपिक अंतरातले १५०० मीटर आघाडीचे पुरुष अठरा मिनिटांच्या आसपास संपवतात, म्हणजे शंभर मीटरला सुमारे १ मिनिट १२ सेकंद. पुढे सायकलवर एकमेकांच्या आडोशाने जाणारा घोळका असतो. पाण्यातून मिनिटभर उशिरा बाहेर आलेला खेळाडू त्या घोळक्याला मुकतो, एकटा वारा कापत राहतो, आणि आघाडीने एक फेरी चढवली तर त्याला शर्यतीतूनच बाहेर काढतात. घोळक्यातली जागा ठरते पहिल्या बॉयपर्यंतच्या, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपर्यंतच्या, दोन-तीनशे मीटरमध्ये. तिथे लाथा बसतात, गॉगल निघतो, श्वास चुकतो. संथ लयीत तीन-तीन किलोमीटर पोहलेल्याकडे या क्षणासाठी काहीच नसते.

म्हणून सराव बदलला पाहिजे. आठवड्यातून दोनदा लांब पोहण्यापेक्षा पाच-सहा वेळा पाण्यात उतरणे बरे; पाण्याची पकड वारंवारितेनेच येते. ४०० आणि २०० मीटरची वेळ घ्या, फरकाला दोनाने भागा. शंभर मीटरची जी वेळ येईल तिच्यावर सेट बांधा. शिवाय पन्नास मीटर जीव तोडून आणि लगेच, न थांबता, दीडशे मीटर शर्यतीच्या वेगाने, असे सहा-आठ फेरे. धावपटूंच्या पायांकडे खास लक्ष द्या. त्यांचे घोटे ताठ असतात, किक गुडघ्यातून बसते, कंबर बुडते. मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा, पुल बॉय, दिला की ते एकदम सुधारल्यासारखे दिसतात. तो काढला की दोष जिथल्या तिथे. वेटसूटचाही भरवसा नको: पाणी २० अंशांवर गेले की ऑलिंपिक अंतरावर व्यावसायिकांना तो वर्ज्य आहे.

एवढे करूनही विशीत पोहायला शिकलेला क्वचितच त्या घोळक्यात पोहोचतो. पाण्याची जाण लहानपणी येते, हे आम्ही ठामपणे म्हणतो. रिओ ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये सुवर्ण जिंकलेली ग्वेन जॉर्गेन्सन कॉलेजात पोहत आणि धावत होती. व्यवसायाने ती कर-हिशेबनीस; अमेरिकी ट्रायथलॉन संघटनेने तिला या खेळात आणले. आपल्या अहमदाबादची प्रज्ञा मोहन चार्टर्ड अकाउंटंट, आणि मुळात जलतरणपटू. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ती पुण्याच्या संजना जोशीसह उतरली होती. तेव्हा सायकलपटूला पोहायला शिकवण्यात वर्षे घालवण्याऐवजी पोहणाऱ्या मुलांना धावायला लावू या. चोरवाड ते वेरावळ ही २१ सागरी मैलांची स्पर्धा पोहणारी मुले गुजरातेत आहेत. सुरतेतल्या लिंबायत, उधना, दिंडोलीच्या आपल्या खानदेशी वस्त्यांतल्या किती पोरांना जलतरण तलावाची पायरी तरी दिसते, हाही प्रश्न आहेच.

उघड्या पाण्याचे काय? सिंगणपोरच्या कॉजवेवरचे तापीचे पाणी शहराच्या पिण्याचे; तिथे परवानगीशिवाय उतरू नये. कॉजवेच्या खालच्या अंगाला भरती-ओहोटीची ओढ. डुमसला समुद्र दूरवर मागे सरतो आणि चिखल उरतो. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, बोट आणि जीवरक्षक सोबत घेऊनच उतरावे. पण उतरावे जरूर. ३१ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये सीन नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहताना खेळाडू काठाच्या भिंतीला चिकटून पुढे सरकत होते. ओढ कुठे कमी असते हे तलावात शिकता येत नाही.

एरवीची कामे तलावातच होतात: लेनच्या दोऱ्या काढून दहा जणांना एकाच वेळी सोडणे, मधोमध बॉय बांधून वळणे, डोळे जेमतेम पाण्यावर काढून दिशा पाहणे. त्यासाठी पहाटेची मोकळी जागा हवी. महानगरपालिकेच्या तलावांवर उन्हाळी बॅचची गर्दी सुरू होण्याआधी शहरातल्या सर्व प्रशिक्षकांनी मिळून एकच अर्ज करावा: आठवड्यातून तीन पहाटा, दोन लेन, बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी. मसुदा आम्ही तयार करून देऊ.