टोकनचा चेक फाडण्याआधी एकदा दुबईला या

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरच्या मंडळींना दुबईतून ही कळकळीची विनंती.

येत्या शनिवार-रविवारी तुमच्या शहरातल्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन असेल, तर जरूर जा. चहा घ्या, माहितीपत्रकं गोळा करा, मॉडेलं बघा. फक्त चेकबुक आणि क्रेडिट कार्ड घरी ठेवा.

वाघोलीला दोन गुंठे घेताना आपला माणूस सातबारा काढतो, शेजारच्या शेतकऱ्याला गाठतो, रस्ता कुठून येणार ते स्वतः चालून बघतो. तोच माणूस प्रदर्शनात काचेतल्या चिमुकल्या टॉवरसमोर उभा राहिला, की अर्ध्या तासात सही करून मोकळा होतो. कारण समोरचा सुटाबुटातला मुलगा म्हणतो, “सर, हा भाव आज संध्याकाळपर्यंतच आहे.” वर सांगतो, “आमचं कमिशन शून्य.” ते खरंच आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एजंटाचे पैसे सहसा बिल्डर देतो. तयार घर पुनर्विक्रीत घेतलंत तर साधारण २ टक्के तुमच्या खिशातून जातात. म्हणजे तो मुलगा कोणाचा माणूस आहे, ते ओळखा. आणि तयार घरं तो तुम्हाला का दाखवत नाही, तेही.

दुबईत घर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. २००२ पासून परदेशी लोकांना इथे ठरावीक भागांत मालकीचं घर घेता येतं. बिल्डरने ग्राहकांचा पैसा त्या त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच ठेवावा, असा २००७ पासून कायदा आहे. सरकारी ‘दुबई रेस्ट’ ॲपवर प्रकल्प कुठवर आला, एजंटाची नोंदणी आहे की नाही, हे कळतं. सोयी चांगल्या आहेत, पण तुम्ही विचारलंत तरच त्या उपयोगाच्या.

म्हणून म्हणतो, आधी या, आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये या. डिसेंबरात दुबई कोणालाही आवडते. महिनाभरासाठी फर्निचरसकट फ्लॅट भाड्याने मिळतो; ज्या भागात घ्यायचं मनात आहे तिथेच घ्या. दुपारी दोन वाजता बाल्कनीचं दार उघडून पाच मिनिटं उभे राहा. माहितीपत्रकात मोजलेल्या चौरस फुटांत बहुतेक ही बाल्कनीही धरलेली असते, आणि वर्षातले चार-पाच महिने तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही. मग खाली उतरा आणि मेट्रोपर्यंत चालत जाऊन बघा. नकाशात दहा मिनिटांचं दिसणारं अंतर मध्ये आठ पदरी रस्ता आला, की चालण्याचं राहत नाही.

इमारतीच्या नातूरशी, म्हणजे वॉचमनशी, बोला. हिंदी त्याला बहुधा येते. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी किती दिवस होतं, लिफ्ट कितीदा बंद पडते, किती फ्लॅट रिकामे आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. ‘चिलर’चंही त्यालाच विचारा. कित्येक इमारतींना एसीसाठीचं थंड पाणी मध्यवर्ती केंद्रातून येतं आणि त्याचा ठरावीक आकार फ्लॅट बंद असला तरी भरावा लागतो. शिवाय दर चौरस फुटामागे वर्षाचा सर्व्हिस चार्ज. “सात-आठ टक्के भाडं सुटेल” असं सांगणारे बहुधा हे दोन्ही खर्च वजा न करताच सांगतात.

मुलाला किंवा मुलीला इथे नोकरी लागली म्हणून घर घेणाऱ्या आईवडिलांना तर माझं हात जोडून सांगणं आहे, पहिलं वर्ष पोरांना भाड्याने राहू द्या. इथे भाडं वर्षाचं ठरतं आणि एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकनी देतात. अनामत बिनफर्निचरच्या घराला साधारण ५ टक्के. करार ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत नोंदवला, की वीज-पाण्याचं कनेक्शन मिळतं. वर्षभरात ऑफिस कुठे, ट्रॅफिक कसं आणि मुळात नोकरी टिकते का, हे कळतं. इथला व्हिसा बहुतेकांचा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर भाड्याच्या घरातून निघणं सोपं. हप्ते चालू असलेल्या घराचं तसं नसतं.

आणखी एक गोष्ट प्रदर्शनात कोणी बोलत नाही. भाडेकरू असलेलं तयार घर घेतलंत आणि स्वतः राहायला जायचं म्हटलंत, तर त्याला नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पुण्यात बसून हे निस्तरायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे हे सव्वानऊ लाख दिरहमही होत नाहीत. नवरा-बायको दोघांच्या खात्यांतून पैसे जाणार असतील तर कागदावर नावंही दोघांची हवीत. वर्षात १० लाख रुपयांवर जाणाऱ्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण आज हातात असावा लागतो. घराची नोंदणी करताना दुबईचं भूमी खातं ४ टक्के घेतं. आणि हप्ते दिरहममध्ये: २०१६ च्या सुमारास १८ रुपयांच्या आसपास असलेला दिरहम २०२५ मध्ये २३ च्या पुढे गेला. ताब्यानंतर तीन-चार वर्षं हप्ते फेडायची योजना असेल, तर सहीआधी फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, कळणाऱ्या सीएला गाठा. टेबलावर क्रेडिट कार्ड घासणं आणि ‘इथे रोख द्या, तिथे जमा होईल’ हे दोन्ही प्रकार सरळ नाकारा.

दुबईत आयकर नाही हे खरं, पण तुम्ही भारतात राहत असाल तर दुबईतलं भाडं तुमच्या भारतातल्या उत्पन्नात धरलं जातं. विवरणपत्रात घर दाखवलं नाही, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड बसू शकतो.

गोल्डन व्हिसाच्या मोहात पडलेल्यांनी आकडा विचारून घ्यावा. त्याला किमान २० लाख दिरहमचं घर लागतं. आठ लाखांच्या स्टुडिओवर दहा वर्षांच्या व्हिसाची स्वप्नं म्हणजे बाजारात तुरी.

भाव चढेच राहतील म्हणणाऱ्याला २००८ ची आठवण द्या. वर्षभरात किमती निम्म्याच्या आसपास आल्या आणि कित्येक टॉवर पायाच्या खड्ड्यातच राहिले. २०१४ नंतरही सहाएक वर्षं भाव घसरत होते. मे २०२५ मध्ये फिच या पतमानांकन संस्थेने पुन्हा १५ टक्क्यांपर्यंत घसरणीचा इशारा दिला. तो खरा ठरो न ठरो, ‘आज संध्याकाळपर्यंत’ची घाई कशासाठी?

ज्यांनी गेल्या आठवड्यातच टोकन दिलं असेल, त्यांनी उद्याच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, एस्क्रो खात्याचं नाव व क्रमांक, आणि टोकन परत मिळण्याची अट. एस्क्रोऐवजी दुसऱ्याच खात्याचा क्रमांक आला, तर पुढचा एकही रुपया पाठवू नका.

आणि दुबईतल्या मराठी मंडळींनो, गावाकडून कोणी घर बघायला आलं तर त्याला एजंटाच्या गाडीत एकट्याला सोडू नका. एक रविवार काढा, करामा, अल नाहदा, जेव्हीसी (जुमेरा व्हिलेज सर्कल) हे भाग फिरवा, आपली विजेची आणि चिलरची बिलं दाखवा, भाडं किती भरता तेही लाज न बाळगता सांगा.