'मामा'ही माणूसच!

सिग्नलला 'मामा' दिसला की आपली पोरं गाडी गल्लीत घालतात. सापडलीच तर 'लायसन्स रूमवर राहिलंय' हे ठरलेलं!

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणूनच तो जिवंत सापडला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण आदर मिळवायला पोलिसाने मरायलाच हवं का?

मुंबईत आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला तो थेट २०१६ मध्ये, देवनार ठाण्यात. तोवर बारा तास ही नेहमीचीच गोष्ट, सणावाराला त्याहून जास्त. धातूला 'फटीग' येतो हे आपण पुस्तकात शिकतो, खाकीतल्या माणसाला येत नसेल? लाचखोरीचं, शिवीगाळीचं समर्थन मुळीच नाही. दंड भरला तर पावती मागाच. पण दिवसभर खोटंच ऐकणाऱ्याला हळूहळू सगळेच खोटारडे वाटू लागतात. आपल्या हॉस्टेलवर पोलिसांची पोरं आहेत, त्यांना विचारा. वडील फोनवर 'जेवलास का?' हेसुद्धा जबाब घेतल्यासारखं विचारतात.