बोरीची राख आणि न सापडलेला गंधक

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक येथे, नदीने कापलेल्या गाळाच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा जो थर आहे, त्याच्या वयाविषयी विद्वानांत गेली कित्येक वर्षे कज्जा चालू आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी हा थर आणि त्याच्या सान्निध्यात मिळालेली अश्मयुगीन हत्यारे १९८० च्या दशकात अभ्यासकांपुढे आणली. तेव्हापासून कोणी त्यास सुमारे १४ लाख वर्षांचा ठरवितो, कोणी सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांचा, तर कोणी त्यातील काचकणांच्या रासायनिक घडणीवरून तो सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचाच असल्याचे प्रतिपादन करतो. या कज्ज्याचा निवाडा भूशास्त्रज्ञांनी सवडीने करावा. वातावरणातील सूक्ष्मकणांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आमच्या वाचकांस मात्र तो थर एका निराळ्याच कारणाने विचारार्ह वाटावा.

टोबापासून बोरीपर्यंतचे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि राख टोबाची असेल, तर एवढा प्रवास करून जी काच येथे उतरली, तिचा सूर्यप्रकाश अडविण्यातील वाटा अल्पच असला पाहिजे. कारण राखेचे जड कण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, खाली बसतात. दीर्घकाळ अंमल गाजविते ती राखेबरोबर वर गेलेली आणि डोळ्यांस न दिसणारी सल्फर डायऑक्साइडची वाफ. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनाटुबो फुटला, तेव्हा स्थितांबरात सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड गेला, काही आठवड्यांत त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, आणि पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. बोरीच्या दरडीत काच सापडते. ज्याने काम केले तो गंधक तेथे दाखल्यापुरताही सापडत नाही. जमिनीवर जे पडले त्यावरून हवेत काय घडले याचा हिशेब मांडणाऱ्याची येथे फसगत होते, आणि आमच्या मते हीच फसगत आपण आजही, गाळणकागदावरची धूळ तोलताना, काही अंशी करून घेत आहो.

वायूपासून कण होण्याची प्रक्रिया सर्वांस ठाऊक असली, तरी तिचे टप्पे एकवार नीट मांडणे अवश्य आहे. सूर्यकिरण, ओझोन आणि बाष्प यांच्यापासून दिवसा निपजणारे हायड्रॉक्सिल मूलक सल्फर डायऑक्साइडवर हल्ला करते. त्यातून सल्फर ट्रायऑक्साइड आणि बाष्पाशी त्याचा संयोग होताच गंधकाम्ल तयार होते. या आम्लाचा बाष्पदाब इतका अल्प, की त्याचे रेणू एकमेकांस चिकटून एक-दोन नॅनोमीटरांचे पुंजके बनवू पाहतात. परंतु नुसते आम्ल आणि पाणी यांचे पुंजके भूपृष्ठालगतच्या उष्ण हवेत टिकत नाहीत, बनतात तसेच विरतात. त्यांस स्थैर्य देणारा आधार म्हणजे अमोनिया आणि त्याहूनही प्रबळ अशी अमाइन द्रव्ये. जिनीव्याजवळील सर्न येथील क्लाउड प्रयोगाने २०११ मध्ये दाखविले की अमोनियाच्या अत्यल्प सान्निध्यानेही कणजन्माचा वेग शंभर ते हजार पटींनी वाढतो. तथापि तेवढ्यानेही प्रत्यक्ष हवेतील नोंदींची रुजवात होईना, आणि २०१३ मध्ये त्याच प्रयोगाने डायमिथाइलअमाइनकडे बोट दाखविले. याखेरीज दुसरा मार्ग ढगांतून जातो. थेंबांत विरघळलेल्या सल्फर डायऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ओझोन सल्फेटमध्ये रूपांतर करतात. या मार्गाने नवे कण जन्मत नाहीत, पण ढग विरल्यावर जुने कण अधिक पुष्ट होऊन उरतात.

आता जुन्नर आणि आंबेगावकडे पाहावे. धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे पिकविणारे, युरियाच्या गोण्या सढळ हाताने रिकाम्या करणारे, गोठे आणि कुक्कुटपालन यांनी गजबजलेले हे तालुके आहेत. युरिया जमिनीत फुटला की त्याचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, काळ्या अल्कधर्मी रानात तर अधिकच. आणि पशुपालन हे अमाइनांचे जगभर मान्य झालेले उगमस्थान आहे. गंधकाचा पुरवठा बाहेरून येतो. पावसाळ्यात नाणेघाटातून चढणारा वारा अरबी समुद्रावरील प्लवकांच्या डायमिथाइल सल्फाइडपासून झालेले सल्फेट आणि जहाजांचा व मुंबईच्या कारखान्यांचा धूर आणतो. जहाजी इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, हा त्यातील एक सुखद फरक. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून आणि पूर्वेकडून वाहतात, आणि त्या दिशांना कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आहेत. सल्फर डायऑक्साइड हवेत एक-दोन दिवस, तर त्यापासून झालेले सल्फेट आठवडाभर टिकू शकते. तेव्हा दूरच्या धुराड्याचा गंधक येथे पोचेपर्यंत बहुधा वायुरूप राहिलेलाच नसतो.

येथे एका लोकभ्रमाचा निकाल लावणे इष्ट आहे. गंधक म्हटले की या भागातील माणसास द्राक्षबागेतील भुरीवर धुरळलेली पिवळी भुकटी आठवते, आणि हवेतील गंधकाचा दोष बागायतदाराच्या माथी मारण्याचा मोह होतो. ती भुकटी जाड कणांची असून बहुतांश पानांवर आणि जमिनीवर पडते, आणि जमिनीतील जिवाणू तिचे सल्फेट करतात. साखर कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळतात खरे, पण तो वायू मुख्यत्वे चुना मिसळलेल्या रसातच शोषला जातो. आणि बॉयलरात जळणाऱ्या चिपाडात गंधक नगण्यच असतो. आरोप ठेवायचाच तर प्रमाण पाहून ठेवावा.

खरी कसूर आमच्या मते नियमनाच्या रीतीत आहे. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरास ८० मायक्रोग्रॅम आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती पाळली जाते, हे आकडे पाहून अंमलदार निर्धास्त होतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक औष्णिक संचांस धुरातील गंधक काढण्याच्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली, तेव्हाही भारतीय कोळशात गंधक कमी आणि हवेतील वायू मर्यादेत, हेच समर्थन पुढे आले. परंतु वायू कमी सापडतो त्याचे एक कारण तो कण झाला हेही असते. ६४ भार असलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून १३२ भाराचे अमोनियम सल्फेट होते, म्हणजे एक किलो वायूमागे दोन किलोंहून अधिक सूक्ष्मकण. धुराड्यावर राख पकडणारी यंत्रे बसवून हा जमाखर्च मिटत नाही. हा वायू त्या यंत्रांच्या तावडीत सापडतच नाही.

अमोनिया आवरला तर सल्फेट नाहीसे होईल, असेही कोणी समजू नये. गंधकाम्ल आधीच्या कणांवर अमोनियाविनाही बसतेच. आवरावयाचा तो गंधकच. मात्र कण किती जन्मतात आणि त्यांतील किती पन्नास ते शंभर नॅनोमीटरांपर्यंत वाढून मेघबिंदूंचे केंद्र होण्यास पात्र ठरतात, हे समजण्यासाठी अमोनियाची नोंद अपरिहार्य आहे. दाट धुरकटाच्या दिवशी जुने कण सारी वाफ गिळतात, नवे जन्मत नाहीत, तरी एकूण वजन वाढतच राहते. अशा वेळी केवळ वजन पाहणाऱ्यास आणि केवळ संख्या मोजणाऱ्यास दोन परस्परविरुद्ध कैफियती ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात.

२०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांच्या याद्यांवर उभा आहे, आणि निरीक्षणकेंद्रांची दाटीही शहरांतच आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर मेघभौतिकीची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे; घाटमाथ्यावर गाळलेली हवा आणि शेताच्या कडेला ताजा अमोनिया मिसळलेली हवा यांची तुलना करण्यास जुन्नर-आंबेगावची खोरी तितकीच योग्य आहेत. अमोनियाचे निष्क्रिय नमुनाग्राहक स्वस्त असून त्यांस वीजही लागत नाही, तेव्हा निधीची सबब येथे फारशी चालू नये. पाऊस ओसरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत ज्यांना नारायणगाव, जुन्नर, मंचर किंवा घोडेगाव येथे सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, कणसंख्या आणि गाळणकागदावरील सल्फेट यांच्या एकत्र नोंदी ठेवता येतील, त्यांनी त्या मापनपद्धतीच्या तपशिलासह संपादकांकडे पाठवाव्यात. अपूर्ण असल्या तरी पाठवाव्यात, फक्त कोणता दिवस चुकला हे स्वच्छ लिहावे.