एकच नाव, दोन वस्तू

संगणकावरील खेळ म्हणजे रिकामपणचा उद्योग, ही समजूत शिक्षकवर्गात अद्याप बरीच दृढ आहे. त्यामुळे मुलाने ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाचा हट्ट धरला, की घरात वाद होतो तो केवळ घ्यावा की न घ्यावा एवढ्यापुरता. काय घ्यावे, हा विचार दुकानदारावर सोपविला जातो. वस्तुतः वास्तुरचनेचे आराखडे व चित्रफितींचे संपादन मुले याच यंत्रावर शिकतात. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्या-दोन महिन्यांच्या मिळकतीचा हा प्रश्न आहे. म्हणून तो अर्थशास्त्राचाही आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, ते लिपिक आहेत, साठविलेल्या पैशांतून असा संगणक घेतला. पावतीवर ‘ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी’ एवढाच उल्लेख होता. कार्ड निघाले दहा वर्षांपूर्वीच्या पिढीचे व मंद स्मृतीचे. दुकानदार खोटे बोलला नव्हता. ४ जीबी त्यात खरोखरच होते. अर्धे सांगूनही पुरते फसविता येते, ते असे.

कंपन्यांचे वर्तनही याहून फारसे वेगळे नाही. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले, तेव्हा त्याची स्मृती सेकंदाला ४८ गिगाबाइट माहितीची ने-आण करू शकत असे. २०१८ साली त्याच नावाने दुसरे कार्ड आले. त्याची क्षमता सुमारे १७ गिगाबाइट होती. नाव एक, वस्तू दोन!

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की खरेदीदाराला चांगले-वाईट ओळखता येत नसेल, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या मालाचा विक्रेता त्यामुळे बाजारातून निघून जातो आणि वाईट माल उरतो. २००१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील ‘मायनिंग’ बंद झाले व अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. ती सारीच निकामी होती असे नव्हे. पण कोणते कार्ड कसे वापरले गेले, हे विकणाऱ्यालाच ठाऊक होते.

यावर ग्राहकाच्या हाती उपाय नाही असे मात्र नाही. साध्या खेळांना स्वतंत्र कार्ड लागतेच असे नाही. एएमडीच्या ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स अंगभूतच असते. तेथे १६ जीबीची एक रॅमपट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. वेगात लक्षणीय फरक पडतो. वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते, आठ पिनांच्या जोडणीतून आणखी १५० वॅट. पुरवठा दुबळा असला, की खेळाच्या ऐन रंगात यंत्र बंद पडते आणि दोष कार्डाच्या माथी येतो. कित्येकदा तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असते व महागडे कार्ड स्वस्थ बसून राहते! जुने कार्ड अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

तथापि प्रत्येक पालकाने तंत्रज्ञ व्हावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. तेव्हा पावतीवर कार्डाचे पूर्ण नाव, स्मृतीचा प्रकार, विजेची गरज आणि हमी कोणाची, या चार गोष्टी लिहिणे बंधनकारक का असू नये? नफा तुटपुंजा असून गिऱ्हाईक स्वस्तच मागते, असे दुकानदार सांगतात. ते खरेही असेल. परंतु चार ओळी लिहिण्यास खर्च येत नाही. उलट प्रामाणिक दुकानदाराचा माल त्यामुळेच वेगळा ओळखू येईल.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आमच्या महाविद्यालयांतील संगणक विभागांनी आठवड्यातून एक दुपार अशा तपासणीसाठी खुली ठेवली, तरी पुष्कळ होईल. ज्या लिपिकाची पुंजी एकदा अशी गेली, त्याला दुसरी जमविण्यास वर्षे लागतात.