किलोवर मिळणारा गॅस

हैदराबादेतली अमीरपेट, एस. आर. नगर, दिलसुखनगर. स्पर्धा परीक्षांचे आणि सॉफ्टवेअरचे क्लास करणारी मुलं या भागांत दाटीवाटीने राहतात आणि त्यांत नांदेड-परभणीकडची आपली मुलंही असतात. चौघांत एक खोली, एक शेगडी आणि तीन-चार किलोचा छोटा सिलिंडर. तो संपला की गल्लीतल्या दुकानात न्यायचा आणि किलोच्या भावाने भरून आणायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत घरगुती लाल सिलिंडरातला गॅस नळीने छोट्यात उतरवला जातो. नळीवर पांढरं हिव धरतं, खोलीभर तो ओळखीचा उग्र वास पसरतो. पंखा चालू, दिवा चालू, दोन पावलांवर मोबाइल चार्जिंगला लावलेला. हटकलं तर उत्तर ठरलेलं: “कुछ नहीं होता साब, रोज भरते.”

अलीकडे याच्याही पुढचा एक प्रश्न कानावर येऊ लागला आहे. दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे? चांगली नळी, वजनकाटा आणि मोकळी गच्ची एवढं असलं तर घरीच सुरक्षितपणे भरता येणार नाही का? विचारणारी माणसं शिकलेली आहेत, म्हणून उत्तर सरळच देतो. नाही येणार.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दाबाखाली तो द्रव होऊन सिलिंडरात बसतो. मोकळा झाला की एका लिटरचे साधारण अडीचशे लिटर होतात. तो हवेपेक्षा जड असल्याने खिडकीतून वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, जिन्यावरून खाली जातो. गच्चीवर सांडलेला गॅस खालच्या मजल्यावरच्या फ्रिजपाशी पोहोचू शकतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. दहा बाय दहाच्या खोलीत सगळीकडे एवढं प्रमाण व्हायला किलोभराच्या थोडा वर गॅस लागतो. पण तो तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी गॅसही घात करतो.

दुसरा धोका न दिसणारा आहे आणि मला तोच जास्त भयंकर वाटतो. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरात ३३.३ लिटर पाणी मावतं, पण कंपनी त्यात भरते तो द्रव गॅस असतो जेमतेम २६ लिटर. वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, कारण द्रव तापला की फुगतो. गल्लीतला भरणारा सिलिंडर हातात घेऊन हलवतो, ‘झाला’ म्हणतो आणि देऊन टाकतो. ती रिकामी जागा उरली की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. सकाळी भरलेला असा सिलिंडर मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली ठेवला आणि आतला द्रव फुगून काठोकाठ भरला, तर दाब झपाट्याने चढतो. बाजारातल्या पातळ पत्र्याच्या, कुठलाही शिक्का नसलेल्या सिलिंडरांकडून तो सोसवेल याची हमी कोण देणार?

रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, कंपनीच्या चेर्लापल्लीतल्या बॉटलिंग प्लांटमध्ये त्यावरून तो काट्यावर भरला जातो. मग पुन्हा वजन होतं, झडप तपासतात, तिच्यातली करंगळीएवढी काळी रबरी रिंग तपासतात आणि मगच सील लागतं. प्रत्येक सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर पुढच्या चाचणीची मुदत असते. ‘सी-२७’ म्हणजे २०२७ मधली जुलै ते सप्टेंबर ही तिमाही. गच्चीवर यातलं काय होणार आहे?

कायद्यातही संदिग्धता नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे १०० किलोपर्यंतचा साठा परवान्याशिवाय ठेवता येतो. भरायचा झाला तर मात्र किलोभरालाही परवाना लागतो आणि तो देणारं ‘पेसो’ हे केंद्रीय कार्यालय आपल्या नागपुरात आहे. घराला असा परवाना मिळत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांचा दाखला काही जण देतात, की तिकडे दुकानात सहज टाकी भरून मिळते. मिळते खरी. पण तिथे भरणारा माणूस प्रशिक्षित असतो आणि २००२ पासून तिकडच्या छोट्या टाक्यांना ठराविक पातळीनंतर गॅस आत न घेणारी झडप सक्तीची आहे. आपल्या घरगुती सिलिंडरला तशी झडप नाही.

८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पिंपरी-चिंचवडजवळ ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरण्याचा धंदा चालू असताना एकामागून एक सिलिंडर फुटले, शेजारच्या स्कूलबस जळाल्या. रविवार होता, मुलं नव्हती. त्याच्या वर्षभर आधी जोधपूरच्या एका वस्तीत अशाच बेकायदा भरणीच्या जागी स्फोट होऊन लहान मुलांसह माणसं गेली.

आता दुसरी बाजू. हैदराबादेत पोलिसांचा टास्क फोर्स आणि नागरी पुरवठा खातं छापे घालतात, सिलिंडर जप्त होतात, फोटो छापून येतात. पण गिऱ्हाईक कुठे जातं? शेजारच्या गल्लीत. कारण त्याला हवा असतो दोन-तीन किलो गॅस, आज, हातातल्या पैशांत. गावाकडचं कनेक्शन गावात, इथला पत्ता घरमालक लिहून देत नाही. त्याची गरज प्रामाणिक आहे आणि ती भागवणारा रस्ता त्याला फक्त चोरट्या दुकानात सापडतो. याचा दोष मी त्या मुलाला देणार नाही.

वास्तविक कायदेशीर सोय आहे. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा सिलिंडर २०१३ पासून आहे. इंडियन ऑइलचा तो ‘छोटू’, आणि दोन किलोचा ‘मुन्ना’ही आहे. तरी क्लासच्या चार मुलांना विचारा, एखाद्यालाच हे माहीत असतं. पाटी नसते, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ‘स्टॉक नाही’ म्हणतो, पहिल्यांदा सिलिंडरची किंमत एकरकमी भरावी लागते आणि किलोमागे दर घरगुती गॅसपेक्षा चढा. छाप्यांवर जेवढी धावपळ होते तिच्या निम्मी या सिलिंडरावर व्हावी. वसतिगृहांच्या गल्ल्यांतल्या किराणा दुकानांत तो कायम मिळावा, सिलिंडरची किंमत हप्त्यांनी घ्यावी आणि पाट्या तेलुगू, उर्दू, हिंदीबरोबर मराठीतही लागाव्यात.

तोवर काचिगुडा, सुलतान बाजारकडच्या वाचकांनी एक करावं. तुमच्या इमारतीचा वॉचमन, वरच्या खोलीतली मुलं, बांधकामावरचं नांदेडकडचं कुटुंब यांच्या शेगडीखाली कोणता सिलिंडर आहे ते बघा. बिनशिक्क्याचा असेल तर त्यांना गॅस एजन्सीत घेऊन जा. ओळखपत्र त्यांच्याकडे असतंच. सिलिंडरच्या किमतीत रक्कम कमी पडली तर तेवढी उसनी द्या.