वजन ज्याच्या त्याच्या मापाचे

१९९५ च्या फेब्रुवारीत रमजान सुरू झाला तेव्हा अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम ऐन भरात होता. ह्यूस्टन रॉकेट्स संघाचा सेंटर हकीम ओलाजुवान रोजे ठेवून खेळत होता. सामना दुपारचा असला तर खेळताना पाण्याचा घोटही घेत नव्हता. तरीही ‘महिन्यातील सर्वोत्तम खेळाडू’ हा लीगचा मान त्या फेब्रुवारीत त्यालाच मिळाला. दर रमजानमध्ये हा किस्सा मोबाइलवरून फिरतो आणि मैदानावरच्या पोरांना ऐकवला जातो : हकीमला जमले, मग तुला का नाही?

या प्रश्नात कौतुकापेक्षा अन्याय जास्त आहे. हकीम तेव्हा ३२ वर्षांचा होता. लागोसमध्ये लहानपणी तो हँडबॉल खेळला, फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता आणि बास्केटबॉलकडे वळला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. सात फुटी देहाला न शोभणारे त्याचे चपळ पाय त्या जुन्या खेळांची देणगी होती. शिवाय ह्यूस्टनमध्ये फेब्रुवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि एनबीएचे बहुतेक सामने रात्री होतात. म्हणजे बऱ्याच सामन्यांपूर्वी त्याचा रोजा सुटलेला असे. आपल्याकडच्या १५ वर्षांच्या मुलाचा सराव मात्र संध्याकाळी पाच ते सात या वेळेत असतो, रोजाच्या अगदी शेवटच्या तासांत. हकीमचा निश्चय त्या मुलाने जरूर घ्यावा; त्याचे वेळापत्रक आणि त्याचे शरीर त्याला घेता येणार नाही.

बास्केटबॉलला ही गोष्ट कळायला बराच काळ लागला. वजने उचलली की स्नायू आखडतात, हात जड होतो आणि नेमबाजी बिघडते, असे जुने प्रशिक्षक मानत. पुढे वजने आली. पण ती प्रत्येकाला वेगळी द्यावी लागतात, हे शहाणपण मोठ्या खेळाडूंच्या दुखण्यांतून आले.

मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सला डेट्रॉइटच्या दांडगट संघाने १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे बाहेर काढले. जॉर्डनने १९८९ मध्ये टिम ग्रोव्हर या तरुण प्रशिक्षकाला हाताशी धरले. धक्के सोसायला वजन हवे होते, पण ते एकदम वाढले असते तर उडी आणि नेम दोन्ही हरवले असते. म्हणून ते हळूहळू वाढवले; पुढे ते सुमारे सात किलोंनी वाढले. १९९१ मध्ये संघ विजेता झाला. मग १९९४ मध्ये जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला आणि १९९५ मध्ये परतला, तेव्हा शरीर बेसबॉलचे झालेले होते. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा बास्केटबॉलसाठी घडवावे लागले. माणूस तोच, पण खेळ बदलला तसा व्यायामही बदलला.

स्टीफन करीचे दुखणे वेगळे होते. घोटा वारंवार मुरगळायचा. २०११ आणि २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. २०११-१२ च्या हंगामात तो जेमतेम २६ सामने खेळला. पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या प्रशिक्षकांनी दुखऱ्या घोट्याच्या वर पाहिले. करी दिशा बदलताना सगळा भार घोट्यावर टाकत होता. तो भार नितंब आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंनी घ्यायला हवा होता. कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलण्याचा व्यायाम, डेडलिफ्ट, त्याला नव्याने शिकवला गेला. २०१५ मध्ये करी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाने ४० वर्षांनी विजेतेपद मिळवले. हाच व्यायाम तेवढ्याच वजनाने दुसऱ्या कुणाला दिला असता, तर त्याची पाठ गेली असती.

आता आपल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानाकडे पाहावे. बहुतेक ठिकाणी भिंतीवर एकच तक्ता असतो : मैदानाच्या दहा फेऱ्या, शंभर बैठका, पन्नास उड्या, सगळ्यांना. यात समानता दिसते, पण संघातल्या सगळ्यांना नऊ नंबरचा बूट देण्यासारखी ती समानता आहे. उंच मुलाच्या मांडीचे हाड लांब असते. खोल बैठक मारताना तो पुढे झुकतो आणि भार कमरेवर जातो. त्याला बाकड्यापर्यंतची अर्धी बैठक द्यावी. वर्षभरात झपाट्याने उंची वाढलेल्या मुलाचा गुडघ्याच्या वाटीखालचा भाग दुखतो. तो आळशी नसतो. त्याच्या वाढत्या हाडावर स्नायूचा ताण पडत असतो, म्हणून काही आठवडे त्याच्या उड्या कमी करायच्या असतात. मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटण्याचा धोका मुलांच्या किमान दुप्पट असतो. त्यांना आणखी शंभर उड्यांपेक्षा उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरण्याचे शिक्षण हवे. तक्ता यातले काहीच पाहत नाही. मग कुणाचा गुडघा जातो, कुणी खेळ सोडते आणि घरचे म्हणतात, ‘नशिबात नव्हते.’

रमजानमध्ये हे दोष अधिक उघडे पडतात. रोजेदार मुलापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात : सगळ्यांबरोबर सगळे कर, नाहीतर महिनाभर येऊ नको. पहिलीत चक्कर येण्याची भीती, दुसरीत संघातली जागा जाण्याची. खरे तर तिसरी वाट सोपी आहे. कमावलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एक-दोन सत्रे पुरतात; अट एवढीच की वजन तेच ठेवून फेऱ्या कमी कराव्यात. हे सत्र इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहची नमाज झाल्यावर घेता येते. संध्याकाळच्या सरावात रोजेदाराने नेमबाजी, पासिंग, डावपेच यांवर भर द्यावा; धावण्याचे जड काम त्या महिन्यापुरते बाजूला ठेवावे. घरच्यांनी इफ्तारला भजी-समोशांबरोबर आणि सहरीला चहा-पावाबरोबर अंडी, डाळ, दही यांची आठवण ठेवावी, रात्रभर थोडे थोडे पाणी द्यावे आणि झोपेची जुळवाजुळव करावी. आणि चक्कर आलीच, तर रोजा सोडण्यात कमीपणा नाही. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ठेवण्याची मुभा आहे; वयात न आलेल्या मुलांवर तो बंधनकारकच नाही. सर्वांसाठी असलेला नियमही माणसाची कुवत पाहतो. भिंतीवरच्या तक्त्यानेही ती पाहावी.

हा मुद्दा एका धर्माच्या मुलांपुरता नाही. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर राहणारी मुलगी, श्रावणी सोमवार धरणारा मुलगा, दहावीच्या परीक्षेसाठी रात्री जागणारा, पहाटे दूध किंवा पेपर टाकून मैदानावर येणारा, या सगळ्यांचे शरीर त्या दिवशी वेगळे असते. प्रशिक्षकाने कुणाचा धर्म विचारण्याची गरज नाही. ‘किती झोपलास, शेवटचे पाणी कधी प्यालास, काही दुखते का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ.

यावर प्रशिक्षकांचे उत्तर ठरलेले असते : तीस मुले, एक सिमेंटचे मैदान, जिम नाही, वेगळा व्यायाम कुणाकुणाला द्यायचा? अडचण खरी आहे, पण उपाय महाग नाही. शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक खेळाडूला एक पान द्यावे. त्यावर दर महिन्याची उंची, जुनी दुखापत, न मोडता निघणाऱ्या बैठका आणि जोर, उडीनंतर उतरताना गुडघे कसे राहतात, एवढे लिहावे. त्यावरून तीन-चार गट आपोआप पडतात. वजनासाठी वाळूची पोती आणि पाण्याचे कॅन चालतात. संघभावना बिघडेल ही भीतीही फोल आहे. सामन्यात एकमेकांसाठी धावणारी मुले सरावात वेगवेगळे वजन उचलून परकी होत नाहीत.

महाराष्ट्राला हे नवे वाटायला नको. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद नव्या पोराला आणि मुरलेल्या पैलवानाला एकच आकडा सांगत नाही. जोर, बैठका, खुराक, सगळे वय आणि अंग पाहून ठरते. मराठीतला हा ‘वस्ताद’ म्हणजे उर्दूतला उस्ताद, शिक्षक. ‘तालीम’ हा शब्द मराठीत व्यायामशाळेसाठी आणि उर्दूत शिक्षणासाठी वापरतात. ‘कसरत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘विपुलता’. आपल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर ही विपुलता भरपूर आहे, कमी पडते ती तालीम.

जिल्हा संघटनांनी आणि शाळांनी नव्या हंगामापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. संघनिवडीच्या वेळी प्रत्येक मुलाचे असे पान मागावे. आणि उपवास किंवा रोजा यामुळे सरावाची वेळ बदलून मागणाऱ्या खेळाडूला संघातून वगळू नये, असे लेखी सांगावे. तोवर प्रशिक्षकांनी वाट पाहू नये. आज संध्याकाळी इफ्तारसाठी थोडे लवकर निघणाऱ्या मुलाला थांबवून, तो कधी आणि कसा व्यायाम करू शकेल, हे विचारावे आणि वहीचे पहिले पान त्याच्या नावाने उघडावे.